खांबामागची जागा

पहाटे पाचला बस सुटली तेव्हा
धक्क्यावर ट्रॉलर रिकामे होत होते
आणि माझ्या बोटांना कालच्या हॅडकचा वास होता.
चोवीस माणसं. एक ढोल, चामडं सैल.
मर्डोच्या थर्मासात चहा की आणखी काही,
ते विचारायचं नसतं.
दोनशे मैल दक्षिणेला जायचं, हरायचं,
सोमवारी पुन्हा सुरी हातात घ्यायची.
हरणं आमच्या पाचवीलाच पुजलेलं.
तरी कपच्या चिठ्ठ्या निघाल्या
आणि आमच्यासमोर त्यांचं नाव आलं,
त्या रात्री मला झोप नव्हती.

कारण ते मैदान मी रेडिओवर पाहिलं होतं.
वडील आवाज वाढवायचे, आई कमी करायची,
त्या ओढाताणीत कुठेतरी
लाल विटांची भिंत होती, उतरतं छप्पर,
साठ हजारांचा एकच श्वास.
प्रत्यक्षात ते दोन गल्ल्यांच्या मधे
अंग चोरून उभं आहे,
चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारखं.
कुणाच्या तरी चादरी वाळताहेत
थेट आमच्या दरवाजावर.

लोखंडी फिरकं इतकं अरुंद
की इनिसला आडवं व्हावं लागलं, पोट आत ओढून.
'शंभर वर्षांपूर्वी माणसं उपाशी होती रे,'
मागून कुणीतरी.
खट्.
मग मी. खट्.
एवढ्याच आवाजात मोजली गेले.

रांग एम, खुर्ची एकोणीस.
समोर खांब.
तिकिटावर छापलं होतं, 'दृश्य मर्यादित'.
स्वस्त होतं, म्हणून पुढचं वाचलं नव्हतं.
हिरव्या रंगाचे पापुद्रे, खाली निळा, त्याखाली गंज,
आणि गंजात किल्लीने कोरलेलं:
इथून काही दिसत नाही. १९३८.

पिवळ्या जाकिटातल्या मिसेस पर्डी
हसल्यासुद्धा नाहीत.
'काढला खांब, तर छप्पर येईल खाली.
मग दिसेल सगळं.'

मला डावीकडचा गोल दिसायचा,
मर्डोला उजवीकडचा.
मधलं मैदान खांबाने खाल्लेलं.
चेंडू लोखंडात शिरायचा,
कधी त्यांचा होऊन बाहेर पडायचा, कधी आमचा.
'गेला?'
'गेला.'
'आपल्यावर?'
'मग कुणावर!'
तीन वेळा.

मग एकाहत्तराव्या मिनिटाला
आमचा पोरगा कॅलम, जो आठवडाभर छपरांच्या कौलांवर असतो,
चेंडू घेऊन डावीकडून खांबात शिरला.
मी वाट पाहिली.
मर्डो काही बोलेना.
फक्त माझं मनगट धरलं,
दोर सुटताना धरावं तसं.

गोल मी पाहिला नाही.
मी पाहिलं ते हे: इनिसचं उघडं तोंड,
ढोलाचं चामडं मधोमध फाटलेलं,
आणि समोर अठरा हजार माणसं
अशी गप्प
की भिंतीपलीकडच्या चादरींची फडफड
मला ऐकू आली.
वडिलांच्या रेडिओत ती कधीच नव्हती.

चार-एक.
शेवटचा त्यांनी सवयीने मारला.
जाताना मिसेस पर्डींनी माझ्या गळ्यातला मफलर
न विचारता नीट केला.
'वारा आहे बाहेर,' म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये तो गोल चोवीस प्रकारे पडला.
कुणी म्हणालं डोक्याने. कुणी, खांद्याला लागून.
कॅलम तर खेळाडूंच्या बसमध्ये, विचारणार कुणाला?
शेवटी सगळे मर्डोकडे वळले.
त्याला तर सगळं दिसत होतं.
थर्मासाचं झाकण फिरवत राहिला बराच वेळ.
'मी डोळे मिटले होते,' म्हणाला.

सोमवारी पट्ट्यावर मासे येत होते.
शेजारच्या मुलींनी विचारलं, कसा होता?
मी सुरी पुसली.
डाव्या पायाने, म्हटलं.
लांबून.